काचेच्या भट्टीतून टीव्हीच्या पडद्यावर : क्वांटम डॉटची ओळख

टीव्हीच्या दुकानात गिऱ्हाईक आता 'क्यूएलईडी म्हणजे काय हो?' असे विचारते. 'चित्र झकास दिसते' एवढ्या उत्तरावर महागडा माल खपत नाही. तेव्हा दुकानदार बांधवांनी ही माहिती ध्यानात ठेवावी.

यातला 'क्यू' क्वांटम डॉटचा. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर एक भाग म्हणजे नॅनोमीटर. हे कण अवघ्या काही नॅनोमीटरचे. गंमत अशी की माल तोच, पण कण लहान-मोठा केला की रंग बदलतो. कॅडमियम सेलेनाइडचा दोन नॅनोमीटरचा कण निळा, तर सहाचा तांबडा प्रकाश देतो.

कॅडमियम घातलेली काच पुन्हा तापवली की पिवळी-तांबडी होते, हे काच कारागिरांना जुनेच ठाऊक. सोव्हिएत शास्त्रज्ञ अलेक्सी एकिमोव यांनी तांब्याचे क्लोराइड घातलेली काच 500 ते 700 अंशांवर, कधी एक तास तर कधी 96 तास तापवली. रंगाचा फरक कणांच्या आकारामुळे पडतो, हे त्यांनी 1981 मध्ये मांडले. अमेरिकेत लुई ब्रूस यांना 1983 मध्ये द्रवातही तेच आढळले. पण एकसारखे कण काढायची खरी कृती 1993 मध्ये मौंगी बावेंडी यांनी बसवली. यांचे वडील मूळचे ट्युनिशियाचे. तिघांना 2023 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

टीव्हीत मागचा दिवा निळा असतो. त्यातला काही प्रकाश हे कण हिरव्या-तांबड्यात बदलतात. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, म्हणून एकाच्या नावावर दुसरा विकू नये. गिऱ्हाईक परत भांडायला येते!

हेच कण पेशींना चिकटवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतात, हे 1998 मध्ये दाखवले गेले. साध्या रंगापेक्षा ते जास्त काळ चमकतात. कॅडमियम मात्र विषारी. वर जस्ताच्या सल्फाइडचे कवच चढवतात, तरी माणसाच्या शरीरात घालायला डॉक्टर कचरतात. म्हणून इटर्बियम-एर्बियमच्या कणांवरही काम चालते. ते डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश घेऊन हिरवा वा तांबडा देतात. अवरक्त प्रकाश मांसात खोलवर जातो. असली द्रव्ये बनावट माल ओळखण्याच्या शाईतही वापरतात.

आता इंडियम फॉस्फाइडचे, कॅडमियमविरहित पडदेही मिळतात. माल भरताना ठोक व्यापाऱ्याकडून तसे बिलावर लिहून घ्यावे.