दुखतंय म्हणायची मुभा
डोक्याला मार लागलेला खेळाडू ‘काही नाही, खेळतो’ म्हणतो, तेव्हा संघाच्या नेतृत्वाची परीक्षा असते. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात रुग्णालयांतील चमूंचा अभ्यास केला. चांगल्या चमूंत चुकांची नोंद जास्त आढळली. तिथले कर्मचारी चूक सांगायला कचरत नसावेत, असा अर्थ त्यांनी लावला. मैदानावरही हेच लागू पडते. मेंदूला धक्का बसूनही खेळत राहिल्यास बरे व्हायला अधिक दिवस लागतात. दुसरा मार क्वचित जिवावरही बेततो. म्हणून कर्णधाराने आधी स्वतःचे दुखणे सांगावे. प्रशिक्षकाने सांगणाऱ्याची संघातली जागा राखावी. शंका आली तरी त्या दिवशी पुन्हा मैदानात नाही, हा नियम सामन्याआधीच ठरवावा.