विश्लेषण : साप पाळताना नवखे नेमके कुठे चुकतात?

आजारी कुत्रा विव्हळतो, मांजर खाणे सोडून कोपऱ्यात बसते. साप मात्र आपले दुखणे आवाजातून सांगत नाही. त्यामुळे पाळणाऱ्याची चूक लक्षात येईपर्यंत बराच उशीर झालेला असतो. परदेशी सापांमध्ये नवख्यांची पसंती बहुधा आफ्रिकेतल्या बॉल पायथनला असते. तो बिनविषारी, शांत आणि साधारण ३ ते ५ फूट लांब असतो. त्याच्याबाबतीत होणाऱ्या चुका मात्र ठरलेल्या आहेत.

कोणताही साप पाळता येतो का?

नाही. शेतात सापडलेली धामण किंवा मांडूळ घरात ठेवणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. असा साप दिसल्यास महाराष्ट्रात वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. बॉल पायथन ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे. त्यामुळे २०२४ च्या नियमांनुसार तो ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत ‘परिवेश २.०’ पोर्टलवर नोंदणीसाठी अर्ज करावा लागतो. कागदपत्रे नसलेला ‘स्वस्त’ साप तस्करीतला असू शकतो.

आधी साप की आधी पेटी?

आधी पेटी. साप शरीराचे तापमान स्वतः राखू शकत नाही. म्हणून पेटीची एक बाजू ३१ ते ३३ अंश, तर दुसरी २५ ते २७ अंश सेल्सिअस हवी. दोन्हीकडे लपायला जागा हवी. थर्मोस्टॅट नसलेला हीटर सापाला भाजू शकतो. साप गरम जागेवरून वेळीच हलेल, हा भरवसा धरू नये. पुण्यातली थंडीची रात्र आणि नागपूरचा मे महिना, दोन्ही त्याला सोसणारे नाहीत. आर्द्रता कमी पडली तर कात तुकड्यातुकड्यांत निघते.

खात नसेल तर काय करावे?

घाबरून रोज उंदीर पुढे करणे ही सर्वात मोठी चूक. नव्या घरात आलेल्या सापाला निदान आठवडाभर हात लावू नये. प्रौढ बॉल पायथन काही आठवडे, कधी काही महिनेही उपाशी राहतो. आधी तापमान तपासावे आणि वजनाची नोंद ठेवावी. वजन घटू लागले किंवा तोंड उघडे ठेवून श्वास घेऊ लागला, तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला पशुवैद्य गाठावा. जिवंत उंदीर पेटीत सोडून जाऊ नये. तो सापालाच चावतो. गोठवलेला उंदीर पूर्ण वितळवून, कोमट करून द्यावा.

किती वेळा हातात घ्यावा?

खाल्ल्यानंतर ४८ तास अजिबात नाही, नाहीतर तो खाल्लेले ओकू शकतो. डोळे निळसर दिसू लागले की कात टाकण्याची वेळ जवळ आली. तेव्हाही त्याला एकटे सोडावे. हाताळल्यानंतर साबणाने हात धुवावेत, कारण सापाच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात.

नकोसा झाला तर?

जंगलात सोडणे हा पर्याय नाही. अमेरिकेत फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्समध्ये सुटलेल्या आणि सोडून दिलेल्या बर्मीज अजगरांची संख्या वाढून स्थानिक प्राण्यांवर संकट आले आहे. बॉल पायथन २० ते ३० वर्षे जगतो. या काळात नोकरी, शहर, घर बदलेल. तेव्हा त्याला कोण सांभाळणार, हे पैसे मोजण्याआधीच घरच्यांशी बोलून ठरवावे.