आजोबांनी लावलेली बाग नातवापर्यंत टिकते कशी? मधल्या वर्षांचं गणित

डहाणू : बोर्डी, झाई ओलांडलं की गुजरातची हद्द लागते. पलीकडे उंबरगाव तालुक्यात देहरी गाव आहे. तिथली ‘कल्पवृक्ष’ ही साधारण १४ एकरांची वाडी बघायला देशातून, परदेशातून लोक आले. आपल्याकडची पोरं मात्र उंबरगाव-वापीच्या कंपन्यांत पाळीला जातात, आणि हाकेच्या अंतरावरच्या या वाडीबद्दल घरात फारसं बोलणं होत नाही.

ही वाडी भास्कर सावे यांनी उभी केली. जन्म १९२२ चा, शेतकरी घरातला. घरी भात, कडधान्य, थोडा भाजीपाला. ते काही वर्षं प्राथमिक शाळेत शिक्षक होते. पन्नासच्या दशकात त्यांनी रासायनिक खतं वापरली, त्या खतांची एजन्सीही केली. पीक चांगलं यायचं आणि लोक त्यांना आदर्श शेतकरी म्हणायचे. पण दरवर्षी खताचा खर्च वाढत गेला आणि हातात उरणारा पैसा घटत गेला, तेव्हा त्यांनी हिशोब मांडला आणि रसायनं सोडली. २०१० मध्ये सेंद्रिय शेतीच्या जागतिक संघटनेने, म्हणजे आयफोमने, त्यांना जीवनगौरव पुरस्कार दिला. २०१५ मध्ये ते गेले. वाडी पुढच्या पिढ्यांच्या हातात आहे.

१४ एकरांपैकी सुमारे १० एकरांत चिकू, नारळ आणि अधूनमधून इतर झाडं अशी मिश्र बाग आहे. दोनेक एकरांत भात आणि हंगामी पिकं फेरपालटीने, बाकी जागेत नारळाच्या रोपांची रोपवाटिका. रोपवाटिकेकडे नीट बघायला हवं. फळाचा भाव पडला तरी रोपं विकली जातात, म्हणजे एकाच वाडीत तीन वेगळ्या खिशांतून पैसा येतो.

आता मूळ प्रश्न. बाग लावणं अवघड नाही, मधली वर्षं काढणं अवघड आहे. चिकूचं कलम तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ दाखवतं, पण घर चालेल असं उत्पन्न यायला आणखी काही वर्षं जातात. उंच जातीचा नारळ, म्हणजे आपला बाणवली, सहा-सात वर्षं घेतो. पुढे मात्र चिकू पन्नास वर्षं देतो आणि नारळ त्याहूनही जास्त. आजोबांनी लावायचं, बापाने सांभाळायचं, नातवाने खायचं, असं ते झाड आहे. पण बापाच्या हातात सात वर्षं काही नसेल तर तो एक तर जमीन विकतो, नाही तर कंपनीत जातो. बऱ्याच बागा इथेच मोडतात. रोग-किडीचा नंबर त्यानंतर.

सावेंनी याचं उत्तर झाडांच्या आयुष्यात शोधलं. त्यांनी पिकांचे तीन गट केले : अल्पजीवी, मध्यमजीवी आणि दीर्घजीवी. तिन्ही एकाच वेळी, एकाच जमिनीत लावायचे. अल्पजीवी म्हणजे भाजी आणि कडधान्य, दोन-चार महिन्यांत पैसा देणारं. मध्यमजीवी म्हणजे केळी, पपई, सीताफळ. दीर्घजीवी म्हणजे चिकू, नारळ, आंबा.

एक एकराचा नमुना धरू. चिकू ३३ बाय ३३ फुटांवर लावला तर एकरी ४० च्या आसपास कलमं बसतात. पहिल्या वर्षी ती गुडघ्याएवढी असतात, म्हणजे जवळजवळ सगळी जमीन उघडी. तिथे वाल, चवळी, वांगी, मिरची, दुधी घ्यायचे. वाल-चवळीच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात, तेवढं खत वाचतं. दोन कलमांच्या मध्ये केळी आणि पपई. पपई नवव्या-दहाव्या महिन्यात सुरू होते, केळीचा घड वर्ष-सव्वा वर्षात. शेवगा लावला तर शेंगा त्याच्याही आधी. केळीची सावली कलमांना उन्हाळ्यात उपयोगी पडते आणि तोडलेलं खोड तिथेच आच्छादन म्हणून पडतं. पाचव्या-सहाव्या वर्षी चिकूची सावली वाढली की भाजी आपोआप बाहेर जाते. मग खाली हळद, सुरण, अळू. नारळ असेल तर खोडावर काळी मिरी. रत्नागिरीजवळच्या भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्राने नारळात जायफळ, दालचिनी, मिरी घेण्याची ‘लाखी बाग’ दाखवली आहे. तिचंही तत्त्व हेच. जव्हारकडे बायफने उभ्या केलेल्या आंबा-काजूच्या वाड्यांतही मधल्या जागेत भाजी घेतात.

पाण्याची रीत वेगळी आहे. झाडं उंच गादीवर आणि पाणी बाजूच्या चरात. खोडाशी आळं करून पाणी तुंबवायचं नाही. मुळं पाण्याच्या शोधात पसरतात. पालापाचोळा जाळायचा नाही, तो झाडाखालीच राहू द्यायचा. नांगरट गांडुळं करतात असं सावे सांगत. तण उपटून फेकण्यापेक्षा कापून तिथेच आंथरायचं. (फुलोऱ्याआधी कापलं तरच, नाही तर पुढच्या वर्षी दुप्पट.)

हे सगळं जसंच्या तसं आपल्याकडे चालेल असं नाही. देहरी किनाऱ्यावरचं गाव. तलासरीच्या डोंगराकडच्या मुरमाड जमिनीत पहिली दोन-तीन वर्षं शेणखत आणि पाणी जास्त लागणार. दुसरं, घोलवड-डहाणू पट्ट्यात चिकूवर बी पोखरणारी अळी आहे आणि पावसाळ्यात बुरशीने फळं गळतात. दाट, काळोखी बागेत दोन्ही वाढतात. गळलेलं फळ तसंच पडू न देता गोळा करून नष्ट करणं आणि थोडी छाटणी करून वारा-ऊन आत घेणं, एवढं तरी करावंच लागतं. कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात फांदी आणि फळ घेऊन गेलं तर मोबाईलवरच्या व्हिडिओपेक्षा नेमकं सांगतात.

घरातल्या कागदांचं पण बघायला हवं. भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेत चिकू-नारळाला अनुदान आहे, तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असं मिळतं. पहिल्या वर्षी ८० आणि दुसऱ्या वर्षी ९० टक्के झाडं जगलेली दाखवावी लागतात. सातबारा सामाईक असेल तर बाकीच्या खातेदारांची संमती लागते. त्यात मुंबईला गेलेला काका आला, लग्न होऊन गेलेली आत्याही आली. लागवडीआधी सह्या झालेल्या बऱ्या, झाडं फळाला आल्यावर त्या मिळत नाहीत.

सेंद्रिय प्रमाणपत्राचंही तसंच. निर्यातीच्या नियमानुसार फळझाडांना साधारण तीन वर्षांचा रूपांतर काळ धरतात, हंगामी पिकांना दोन. गावपातळीवरची पीजीएस पद्धत स्वस्त पडते. तिथे किमान पाच शेतकऱ्यांचा गट लागतो आणि ते एकमेकांची शेतं तपासतात. पण एकाच खात्यातलं अर्धं शेत सेंद्रिय आणि अर्ध्यावर औषध, असं कायमचं चालत नाही. एक भाऊ फवारणार आणि दुसरा नाही, तर आधी जेवताना ते मिटवावं लागेल. आपला माल थेट गिऱ्हाईकाला विकणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही. मात्र ते नसेल तर ‘जैविक भारत’चा शिक्का पिशवीवर लावता येत नाही.

आणखी एक. मधल्या वर्षांतली भाजी बहुतेक घरात सासू-सुनाच काढतात, निवडतात आणि बाजारात नेऊन बसतात. बाग जगते ती त्या पैशावर. गटाच्या नोंदवहीत मात्र सातबाऱ्यावरच्या पुरुषाचं नाव असतं. ज्यांच्या हातून हा हिशोब चालतो त्यांना लागवडीच्या आधीच विचारलं, तर केळी किती आणि मिरची किती हे जास्त नेमकं ठरतं. कलमं पावसाच्या सुरुवातीला लावायची असतील तर खड्डे उन्हाळ्यातच काढून तापू द्यावे लागतात, म्हणून हे बोलणंही होळीच्या आसपास झालेलं बरं.