अमेरिकेतले सोळा आणे

एडिसन, न्यू जर्सी :
अमेरिकेत मीटर-किलो चालत नाहीत, असा आपल्याकडे समज आहे. तो अर्धाच खरा. इथे औषधाची गोळी मिलिग्रॅममध्ये, वाइनची बाटली 750 मिलिलिटरची, कोकची मोठी बाटली दोन लिटरची. त्याच दुकानात दूध मात्र गॅलनने आणि बटाटे पौंडाने. कायद्याने बघायचं तर इथला यार्ड आणि पौंड 1893 पासून मीटर-किलोवरूनच ठरतात, आणि 1959 पासून इंच म्हणजे बरोबर 25.4 मिलिमीटर. 1975 मध्ये दशमान पद्धतीसाठी कायदा झाला, पण सगळा ऐच्छिक. त्यासाठी नेमलेलं मंडळ 1982 मध्ये गुंडाळलं गेलं. आपल्याकडे 1956 च्या कायद्यामागे सक्ती होती, म्हणून शेर-मण बाजारातून उठले.

पण सक्ती नव्हती एवढंच कारण मला पुरेसं वाटत नाही. तिसरीतल्या भाचीला परवा गृहपाठ होता: घरातल्या वस्तू पाव इंचापर्यंत मोजा. पट्टीवर एका कडेला सेंटिमीटर, दुसऱ्या कडेला इंच, दोन्ही शिकवतात. पोरीने आमचा मुरुडहून आलेला पोळपाट मोजला. मी मनात दशांश मांडतोय तोवर आई म्हणाली, "सवादहा." मग रिमोट पावणेसात, पेन्सिल साडेसहा. मुरुडच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी घोकलेल्या बाईला अमेरिकन पट्टी परकी वाटलीच नाही. इथल्या माणसाला 'सहा आणि तीन चतुर्थांश' असं लांबण लावावं लागतं.

नंतर आईने इंचातल्या बारीक रेघा मोजल्या. सोळा! पौंडाचे औंस सोळा, कपाचे मोठे चमचे सोळा, गॅलनचे कप सोळा. आपण 1957 मध्ये मोडीत काढलेला आण्याचा हिशोब इथे स्वयंपाकघरात सुखाने नांदतो आहे. अर्ध्याचं अर्धं करत गेलं की चौथ्या खेपेला सोळावा भाग येतो, आणि त्याला काटा लागत नाही, नजर पुरते. लोण्याची कांडी पाव पौंडाची; तिच्या कागदावर चमच्यांच्या रेघा छापलेल्या असतात, सुरी ठेवून कापायचं. दहा भाग असे डोळ्यांनी करून दाखवा! ही सोय सोडायला गृहिणी आणि सुतार राजी नाहीत, आणि मला त्यांचं पटतं.

भाचीच्या इंग्रजीच्या वहीतही मापच. ब्रेड आणि फर्निचर ही नामं नुसती मोजता येत नाहीत. एक लादी, दोन काप, तीन नग असं काहीतरी मध्ये घालावंच लागतं. आईला यात नवल वाटलं नाही. हर्णैला बारीक मासळी वाट्यानेच घेतात.

तिचं भांडण झालं ते लाकडाच्या दुकानात. बांधकामाची जी फळी सगळी अमेरिका 'दोन बाय चार' म्हणते, तिला आईने टेप लावली. दीड बाय साडेतीन. रंधा मारून वाळवल्यावर एवढीच उरते, नाव जुनं चालू आहे, असं दुकानदाराने समजावलं.

"मग पैसे दीडचे लाव म्हणावं," आई मला म्हणाली. "सांग त्याला."