तीस दिवसांच्या कवड्या

गणिती भास्कराचार्य बीडचे, असं मानणारे काही अभ्यासक आहेत. आपलं गाव विज्जलवीड, सह्याद्रीच्या आश्रयाला वसलेलं, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. 'वीड'चं बीड व्हायला कितीसा वेळ लागतो? पण त्यांचा नातू चांगदेव याच्या मठाचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला आहे, त्यामुळे माझा कल पाटणकडे. बीडकरांनी रागावू नये. बीडचा बालाघाटही सह्याद्रीचाच फाटा, एवढी पळवाट त्यांना आहेच.

गावाचा वाद राहू दे. मला हवंय ते भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तलं एक उदाहरण. ग्रंथ ११५० सालचा. एक दाता याचकाला पहिल्या दिवशी २ कवड्या देतो आणि रोज दुप्पट देण्याचा शब्द देतो. महिन्यात किती निष्क (तेव्हाचं मोठं नाणं) दिले? मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला कारखान्याच्या वाटेला लागणाऱ्या बीड जिल्ह्यात आकडा कसा फुगतो हे शिकवावं लागत नाही. तरीही उत्तर दचकवतं: २,१४,७४,८३,६४६ कवड्या. म्हणजे १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि वर ६ कवड्या.

खरी गंमत रीतीत आहे. तीस वेळा दुप्पट करत बसायचं नाही. दिवसांची संख्या सम असेल तर निम्मी करून 'वर्ग' लिहायचं, विषम असेल तर एक वजा करून 'गुण'. ३०, १५, १४, ७, ६, ३, २, १, शून्य. मग एकापासून उलटं चढायचं, 'गुण' तिथे दुप्पट, 'वर्ग' तिथे वर्ग: २, ४, ८, ६४, १२८, १६,३८४, ३२,७६८ आणि त्याचा वर्ग १,०७,३७,४१,८२४. त्यातून एक काढून पहिल्या दिवसाच्या २ ने गुणलं की झालं. आठ पायऱ्या. मी पाठकोऱ्या कागदावर करून पाहिलं. चहा निवायच्या आत होतं. संगणकाला मोठा घात काढायला शिकवतात तेव्हा हीच युक्ती वापरतात.

आणि आता योगायोग. ३२ बिटांच्या संगणकात एक बिट चिन्हाला गेला की उरलेल्या ३१ मध्ये मावणारी सर्वांत मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७. दात्याचा महिना संपतो तेव्हा या भांड्यात नेमकी एका कवडीची जागा उरते! १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद अशा भांड्यात मोजणारी जुनी यंत्रं १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्या सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी, काठोकाठ भरतील. पुढच्याच सेकंदाला त्यांना १९०१ सालचा डिसेंबर दिसेल.

दुप्पट देण्याचा असाच शब्द संगणकाच्या चिपबाबत देणारा दाता म्हणजे गॉर्डन मूर. एका चिपवरचे घटक दरवर्षी दुप्पट होतील, असं त्यांनी १९६५ मध्ये लिहिलं. १९७५ मध्ये मुदत दोन वर्षांवर नेली. शब्द कितपत पाळला गेला? १९७१ च्या इंटेल ४००४ वर २,३०० ट्रान्झिस्टर होते. २०२० पर्यंत २४ दुपटी धरल्या तर ३,८५९ कोटी व्हायला हवेत. त्या वर्षीच्या एनव्हिडियाच्या ए१०० चिपवर होते ५,४२० कोटी. कबूल केल्यापेक्षा जास्त देणारा दाता विरळाच.

मात्र २००४ च्या सुमारास चिपचा वेग अडला. ३.८ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ नंतर चिप एवढी तापू लागली की आणखी पळवणं परवडेना. एका बैलाकडून जास्त ओढून घेता येईना, तेव्हा जास्त बैल जुंपले: एकाच चिपवर अनेक गाभे (कोअर). जास्त बैल जुंपण्याची ही वाट पुण्याने आधीच धरली होती, नाइलाजाने. अमेरिकेने भारताला क्रे महासंगणक नाकारल्यावर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक हे संगणन केंद्र स्थापन झालं आणि मूळचे अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा राहिला. त्यात ६४ छोटे प्रोसेसर (ट्रान्सप्युटर) एकत्र जुंपलेले होते. वेग सेकंदाला सुमारे शंभर कोटी क्रिया. २०२४ मध्ये पुण्याच्याच उष्णदेशीय हवामान संस्थेत 'अर्क' हा महासंगणक आला: वेग ११.७७ पेटाफ्लॉप्स. ३३ वर्षांत वेगाच्या साडेतेवीस दुपटी. अर्थात यात चिपइतकाच जुंपलेल्या बैलांच्या संख्येचाही वाटा आहे.

यातून बीडच्या पदरात काय पडलं? चौकट लहान झाली. हवामानाचं गणित नकाशावर जाळं टाकून, एकेका चौकटीसाठी करतात. आधी ती १२ किलोमीटरची होती. १०,६९३ चौरस किलोमीटरच्या बीड जिल्ह्यात अशा जेमतेम ७४ बसत. २०२५ च्या मे महिन्यात ६ किलोमीटरचं जाळं आलं आणि त्या २९७ झाल्या. कोरड्या आष्टी-पाटोद्याला आणि त्यामानाने ओल्या अंबाजोगाईला वेगळं पाहायला हे बरं. पण बैलाचं एक शिंग भिजवून दुसरं कोरडं ठेवणाऱ्या पावसाला ही चौकटही ऐसपैसच आहे. ती ३ किलोमीटरची करायची तर चौकटी चौपट होतात, काळाचं पाऊल निम्मं करावं लागतं, आणि काम आठपट वाढतं. लीलावतीच्या हिशेबात आणखी तीन दिवस.