कासवाची अंडी, केरीची फेरीबोट आणि साखळीचा पाऊस

पेडणे तालुक्यात मोरजीच्या किनाऱ्यावर थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री वर येते, मागच्या पायांनी वाळूत हातभर खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते आणि वर वाळू लोटून समुद्रात निघून जाते. वनखातं त्या घरट्याला कुंपण घालून राखण करतं. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर पडतात. बारावीच्या गणितातला एक अख्खा धडा या खड्ड्यात आहे. आमची पाठ्यपुस्तकं मात्र नाणी आणि फासे सोडून उठायला तयार नसतात.

घरट्यातून किती पिल्लं निघतील हे आधी सांगता येत नाही. पण जो आकडा येईल तो ०, १, २, ३ असाच येईल. साडेसत्तावन्न पिल्लं निघत नाहीत. जिची किंमत प्रयोगाच्या निष्पत्तीवर ठरते अशा राशीला यादृच्छिक चल म्हणतात, आणि त्या किमती अशा सुट्या, एकेक करून सांगता येण्याजोग्या असल्या की तो खंडित यादृच्छिक चल. आता त्याच खड्ड्यातली दुसरी राशी घ्या : वाळूचं तापमान. पिल्लू नर होणार की मादी, हे अंड्याभोवतीची वाळू किती तापते यावर ठरतं. साधारण २९ अंश सेल्सियसच्या आसपास दोन्ही निम्मे-निम्मे. त्याहून ऊन वाळूत माद्या जास्त, गार वाळूत नर. तापमान २८ वरून एकदम २९ वर उडी मारत नाही, मधल्या प्रत्येक किमतीतून जातं. हा संतत यादृच्छिक चल.

बहुतेक वर्गांत शिकवणं इथेच थांबतं. ‘मोजतात तो खंडित, मापतात तो संतत’ एवढं घोकून मुलं दोन गुण खिशात घालतात. खरी मौज पुढे आहे, कारण या दोघांना संभाव्यता वाटून देण्याची रीतच वेगवेगळी आहे.

खंडित चलाचं काम सोपं. तीनच अंडी घेऊ आणि प्रत्येक अंड्यातून पिल्लू निघण्याची संभाव्यता ०.८ धरू. एकही पिल्लू न निघण्याची संभाव्यता ०.००८ येते, एक निघण्याची ०.०९६, दोन निघण्याची ०.३८४ आणि तिन्ही निघण्याची ०.५१२. चारही मिळून बरोबर १. प्रत्येक किमतीला तिच्या संभाव्यतेने गुणून बेरीज केली की अपेक्षित मूल्य मिळतं, २.४. मुलं इथे हटकून विचारतात, ‘सर, २.४ पिल्लं कुठून आणायची?’ रास्त शंका आहे. एका घरट्याबद्दलचं हे भाकीत नव्हेच. अशी शेकडो घरटी पाहिली तर दर घरट्यामागची सरासरी तिथे जाऊन टेकते.

या हिशेबात एक गृहीतक गुपचूप बसलेलं आहे. एका अंड्याचं काय झालं याचा शेजारच्या अंड्याशी संबंध नाही, असं आपण मानलं. मोरजीच्या वाळूत ते टिकत नाही. मोठ्या भरतीचं पाणी घरट्यात शिरलं किंवा कुत्र्यांनी ते उकरलं, तर शंभरच्या शंभर अंडी एकदम जातात. सरासरी तीच राहिली तरी ‘सगळी गेली’ या टोकाची संभाव्यता पुस्तकी सूत्राच्या कितीतरी पट वाढते. या हिशेबामागचं द्विपद वितरणाचं सूत्र फळ्यावर लिहिण्याआधी हे सांगायला हवं असं मला वाटतं. सहसा ते नंतरही सांगितलं जात नाही.

संतत चलासाठी पेडण्याच्या उत्तर टोकाला, केरीला जाऊ. समोर तेरेखोल नदी, पलीकडे तेरेखोलचा किल्ला, मध्ये फेरीबोट. हिशेबापुरतं धरू की बोट दर अर्ध्या तासाने सुटते आणि आपण घड्याळाकडे न बघता धक्क्यावर पोचतो. मग थांबण्याचा वेळ ० ते ३० मिनिटांमधला कुठलाही, आणि सगळे वेळ सारखेच शक्य. पहिल्या दहा मिनिटांत बोट मिळण्याची संभाव्यता एक तृतीयांश, हे कुणीही सांगेल. आता विचारा : नेमकी दहा मिनिटं थांबावं लागण्याची संभाव्यता किती?

साडेनऊ ते साडेदहा मिनिटं या पट्ट्याची संभाव्यता १/३० आहे. पट्टा दहापट अरुंद केला तर १/३००. आणखी अरुंद करत नेला तर ती घटत घटत शून्याला भिडते. नेमक्या दहा मिनिटांची संभाव्यता शून्य, नेमक्या बारा मिनिटांचीही शून्य, प्रत्येक नेमक्या वेळेची शून्यच. तरीही बोट कधीतरी येतेच. ‘संभाव्यता शून्य’ म्हणजे ‘अशक्य’ ही घट्ट बसलेली समजूत केरीच्या धक्क्यावर मोडते. संतत चलाला एका बिंदूबद्दल विचारायचंच नाही. कुठपासून कुठपर्यंत, असं विचारायचं. वाळूचं तापमानही तसंच. तापमापीने २९.० दाखवलं तर ते २८.९५ ते २९.०५ यांच्यात कुठेतरी आहे, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून इथे बिंदूंना संभाव्यता न देता घनता देतात आणि वक्राखालचं क्षेत्रफळ ही संभाव्यता मानतात. आपल्या फेरीबोटीची घनता दर मिनिटाला १/३०. तोच वेळ तासांत लिहिला तर तो ० ते अर्ध्या तासाचा होतो आणि घनता येते २. मग वर्गात गलका : संभाव्यता एकाच्या वर कशी गेली? ती गेलेलीच नाही. २ ही उंची आहे, रुंदी अर्धा, क्षेत्रफळ १. एकक बदललं की उंची बदलते, क्षेत्रफळ जागचं हलत नाही. हे एक उदाहरण नीट पचलं तर घनता फलनाचा निम्मा बाऊ संपतो.

इथवर दोन कप्पे चोख आहेत. आता डिचोली तालुक्यात साखळीला या आणि विचारा की जुलैतल्या एका दिवसाचा पाऊस कुठल्या कप्प्यात बसतो. साखळीकरांना पावसाच्या आकड्याचं अगत्य असतं. वाळवंटी नदी चढली की पाणी बाजारात शिरतं. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो, आणि पर्जन्यमापकातलं पाणी मिलिमीटरमध्ये नोंदलं जातं. मिलिमीटर मापतात, म्हणजे संतत. पण जानेवारीतला दिवस घ्या. पाऊस नेमका शून्य असण्याची संभाव्यता तिथे जवळजवळ एक आहे, आणि संतत चलाला एकाच किमतीवर एवढं ओझं ठेवायची परवानगी नाही. जुलैतही एखाददुसरा दिवस कोरडा जातोच. म्हणजे शून्यावर एक भरीव ढेकूळ, आणि पाऊस पडलाच तर पुढे सलग पसरलेली घनता. दिवसाचा पाऊस ना धड खंडित, ना धड संतत. तो मिश्र आहे.

त्याला पकडायचं तर संचयी वितरण फलन लागतं : चलाची किंमत अमुक इतकी किंवा त्याहून कमी असण्याची संभाव्यता. पिल्लांच्या संख्येचा हा आलेख पायऱ्यापायऱ्यांनी चढतो, फेरीबोटीचा सरळ चढाने, आणि साखळीच्या पावसाचा शून्यावर एक उडी घेऊन मग चढाला लागतो. तिन्ही एकाच व्याख्येत बसतात. माझं स्पष्ट मत असं की धड्याची सुरुवातच या फलनाने करावी.

हवामान खात्याचे लोक पुढे हाच पाऊस कापूनही ठेवतात. २.५ मिलिमीटर किंवा जास्त झाला तर ‘पावसाचा दिवस’, ६४.५ पासून ‘मुसळधार’, २०४.४ च्या वर ‘अत्यंत मुसळधार’. महिन्यातले पावसाचे दिवस ही राशी मग पूर्ण खंडित. आणि स्वयंचलित केंद्रातला पर्जन्यमापक तर पाणी मोजतोच मुळी छोटी डोलती वाटी किती वेळा कलंडली यावर. मापायची राशी, पण हातात येते ती मोजून.

अशा कापाकापीला पैशाची धार लागते ती डिचोलीच्या लोहखनिजाच्या खाणींवर. ट्रकच्या खेपा मोजायच्या, मालातलं लोह टक्क्यांत मापायचं. २०१६ च्या अर्थसंकल्पात ५८ टक्क्यांहून कमी लोहाच्या मालावरचं निर्यात शुल्क काढलं गेलं. गोव्याचा बराचसा माल त्यातलाच. मे २०२२ मध्ये ते पुन्हा लादलं आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा काढलं. ५७.९ आणि ५८.१ टक्क्यांचा माल हातात घेऊन फरक सांगणारा माणूस अजून जन्मायचाय. कागदावर मात्र एकाला शुल्क आहे, दुसऱ्याला नाही. नमुना कुठून उचलला यावर तपासणीचा आकडा थोडा इकडेतिकडे होतोच, त्यामुळे रेषेजवळच्या मालाचं नशीब संभाव्यतेच्या हाती.

खंडित आणि संतत यांची गाठ घालून इतिहास वाचणारा माणूसही गोव्याचाच. दामोदर धर्मानंद कोसंबी १९०७ साली गोव्यात जन्मले आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत असताना, १९४० च्या सुमारास, प्राचीन चांदीच्या आहत, म्हणजे ठसे मारून घडवलेल्या, नाण्यांच्या नादी लागले. तक्षशिलेच्या भीर टेकडीवर १९२४ मध्ये सापडलेल्या साठ्यातल्या नाण्यांच्या मागच्या बाजूला बारीक ठशांच्या खुणा होत्या. नाणं व्यवहारात फिरताना पारख करणारे त्या उठवत गेले असावेत, असा त्यांचा तर्क. खुणांची संख्या खंडित, वजन संतत. चालू नाणी तोलून त्यांनी आधी पाहून घेतलं की नाणं वापरात जुनं होत जातं तशी वजनाची सरासरी उतरते आणि विखुरणं वाढतं, कारण प्रत्येक नाणं सारखं झिजत नाही. मग तक्षशिलेची नाणी खुणांच्या संख्येप्रमाणे गटांत लावली. जितक्या खुणा जास्त तितकं गटाचं सरासरी वजन कमी, आणि ही घट जवळजवळ सरळ रेषेत. त्या आधाराने साठ्यातली नाणी जुन्या-नव्याच्या क्रमाने लावता आली. एकाही आहत नाण्यावर राजाचं नाव नसताना.