घराच्या आवारासाठी ग्रासकटर: कोणता घ्यायचा, कसा जोडायचा आणि पैसे कधी सुटतात

पाऊस सुरू झाला की कोकणातल्या दुकानदाराला दिवसातून दहा वेळा एकच प्रश्न येतो, "घराभोवतीचं गवत कापायला स्वस्तातला ग्रासकटर कुठला घेऊ?" त्यातला निम्मा माणूस जाता जाता हळूच दुसरा प्रश्न टाकतो, "आणि त्यातून चार पैसे सुटतील का हो?" व्हिडिओत मी मशीन जोडून, चालू करून दाखवलंय. पण हिशोब व्हिडिओत नीट मांडता येत नाही, म्हणून तो इथे लिहितोय. आणि मी स्वतः ही मशीनं विकतो, हे आधीच सांगून ठेवतो.

पहिल्यांदा घरापुरता हिशोब करू. समजा घर, अंगण, मागची चार कलमं मिळून तुमचं आवार १० गुंठे आहे. पावसाळ्यात तीन वेळा गवत काढावं लागतं. मशीनवाल्याला बोलावलं तर त्याचा अर्धा दिवस जातो. आमच्या भागात मशीन आणि माणूस मिळून दिवसाचे १,२०० आणि पेट्रोल मालकाचं, असा व्यवहार धरू. म्हणजे एका वेळेला ६०० मजुरी आणि ३०० च्या आसपास पेट्रोल. तीन वेळचे झाले २,७००.

आता तेच काम स्वतःच्या मशीनने केलं तर? पेट्रोल तेवढंच लागणार, ९०० रुपये. ऑइल, नायलॉन दोरी, एखादा प्लग याचे ६०० धरा. झाले १,५००. वर्षाला वाचले १,२००. मशीन ८,००० चं असेल तर ते वसूल व्हायला साडेसहा वर्षं लागतील, आणि यात तुमच्या घामाचा एक रुपयाही धरलेला नाही. आकडे तुमच्या गावचे घालून बघा, थोडं इकडेतिकडे होईल, पण चित्र फार बदलणार नाही.

म्हणून फक्त पैशासाठी घ्यायचं असेल आणि आवार पाच-सात गुंठ्यांच्या आत असेल, तर माझं मत सरळ आहे: मशीन घेऊ नका, मशीनवाला बोलवा. घ्यायचंच तर त्याचं कारण वेगळं असतं. गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात मशीनवाला मिळत नाही. मुंबईकर येणार असतात, वर्षभर बंद असलेल्या घरांची आवारं रानाने भरलेली असतात, पाखाड्यांवर गवत छातीएवढं. तेव्हा गावात असलेली दोन मशीनं वीस घरांना पुरत नाहीत. ज्याच्याकडे स्वतःचं मशीन आहे त्याचं अंगण वेळेवर साफ होतं. आणि नेमकी हीच अडचण दुसऱ्या कुणासाठी धंदा असते. त्याकडे शेवटी येतो. आधी मशीन.

सीसीवर जाऊ नका

दुकानात किंवा मोबाइलवर बघाल तर ४३ सीसी, ५२ सीसी, ६३ सीसी असे मोठे आकडे दिसतील. स्वस्तातल्या टू स्ट्रोक मशीनवर इंजिनाचा एक कोड असतो, तो वाचायला शिका. १ई४०एफ-५ असं लिहिलं असेल तर त्यातले ४० म्हणजे सिलिंडरचा व्यास, मिलीमीटरमध्ये. त्या इंजिनाची क्षमता येते ४२.७ सीसी. १ई४४एफ-५ असेल तर व्यास ४४ आणि क्षमता ५१.७ सीसी. आता कोड ४० चा आणि स्टिकर ६३ सीसीचा असेल तर काय समजायचं ते समजा. खोक्यावरचा स्टिकर बघू नका, इंजिनावरचा कोड बघा.

मुळात घराभोवतीच्या कामाला ५२ ची गरजही नाही. होंडाचं जीएक्स ३५ हे फोर स्ट्रोक इंजिन फक्त ३५.८ सीसीचं आहे आणि लोक त्यावर बागाच्या बागा साफ करतात. मोठं इंजिन म्हणजे जास्त वजन, जास्त पेट्रोल आणि संध्याकाळी हाताला मुंग्या.

टू स्ट्रोक की फोर स्ट्रोक? टू स्ट्रोक स्वस्त, हलकं, दुरुस्तीला सोपं. सहा-आठ हजारांत चिनी बनावटीचं चांगलं चालणारं मिळतं. पण पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं, धूर होतो, आवाज जास्त. फोर स्ट्रोकला मिश्रणाची कटकट नाही, पेट्रोल कमी पितं, पण नावाजलेल्या कंपनीचं घ्यायचं तर पंचवीस-तीस हजारांची तयारी हवी. वर्षाला दहा तास चालवणाऱ्याने तेवढे पैसे अडकवू नयेत. रोज सहा तास चालवणार असाल तर मात्र पेट्रोलचाच फरक तुम्हाला फोर स्ट्रोककडे घेऊन जाईल.

खांद्याला अडकवायचं की पाठीवर घ्यायचं, हे जमिनीवर ठरवा. सपाट आवाराला खांद्याचं बरं. उतारावर, दळ्यांवर पाठीवरचं सोपं जातं, पण त्यातली लवचिक केबल वेळच्या वेळी ग्रीस मागते आणि नाही दिलं तर तुटते. बॅटरीवरचे छोटे कटर फरसबंदीच्या कडेला, कुंड्यांभोवती ठीक. कोकणातल्या ऑगस्टच्या गवतापुढे त्यांचा निभाव लागत नाही.

"पाच अटॅचमेंट फ्री" या जाहिरातीला तर अजिबात भुलू नका. त्याच दांड्याला माती उकरायचं अवजार लावलं की गिअर आणि क्लचवर जो ताण येतो, तो गवतासाठी बनवलेल्या मशीनला झेपत नाही.

दुकानदाराला विचारायचा खरा प्रश्न एकच: कार्बोरेटर, स्टार्टर, क्लच आणि प्लग आत्ता तुमच्या फळीवर आहेत का? "मागवून देतो" हे उत्तर आलं तर ऑगस्टमध्ये तुमचं मशीन पंधरा दिवस कोपऱ्यात उभं राहणार. पाचशे रुपये जास्त गेले तरी चालतील, पण सुटे भाग जवळ मिळतात असंच मशीन घ्या. हा नियम मी माझ्याच दुकानाला लावा म्हणतो.

आणखी एक. सातबारा तुमच्या नावावर असेल तर खरेदीआधी महाडीबीटी पोर्टलवर कृषी यांत्रिकीकरणात काय चालू आहे ते बघा. पूर्वसंमती मिळण्याआधी घेतलेल्या अवजाराला अनुदान मिळत नाही, हे लक्षात ठेवा.

पहिला तास

मशीनचं आयुष्य पहिल्या तासात ठरतं. खोकं फोडल्या फोडल्या दोरी ओढायची घाई करू नका.

फोर स्ट्रोक असेल तर इंजिनात ऑइल नसतं, ते कोरडंच येतं. जीएक्स ३५ मध्ये फक्त १०० मिली बसतं, म्हणजे चहाच्या कपाएवढं. ते न भरता चालू केलं तर इंजिन जाम, आणि वॉरंटीत कोणी विचारणार नाही.

टू स्ट्रोकला मिश्रण करायचं. माहितीपुस्तिकेत २५:१ लिहिलं असेल तर एक लिटर पेट्रोलला ४० मिली ऑइल, ५०:१ असेल तर २० मिली. अंदाजाने नाही, औषधाच्या मापाने. आणि मिश्रण टाकीत नाही, वेगळ्या कॅनमध्ये करून, हलवून मग टाकीत ओतायचं. ऑइल टू-टीचंच हवं, बाइकच्या इंजिनातलं चालत नाही. ऑइल कमी पडलं तर पिस्टन घासतो, जास्त झालं तर प्लग काळा पडतो आणि मशीन दर दहा मिनिटांनी बंद. मिश्रण महिनाभराच्या आत संपवा.

दांडा इंजिनाला जोडताना आतला चौकोनी टोकाचा रॉड नीट बसला का ते हाताने फिरवून बघा, मगच बोल्ट आवळा. ब्लेडच्या वरच्या गिअरवर एक छोटा स्क्रू असतो, तो काढून ग्रीस आहे का बघा. स्वस्त मशीनमध्ये बऱ्याचदा नावापुरतं असतं. ब्लेडचा नट उलट्या आट्यांचा असतो: घड्याळाच्या उलट दिशेने फिरवला की घट्ट होतो. हे माहीत नसल्यामुळे नट काढायच्या नादात लोक तो आणखी आवळत बसतात आणि शेवटी आटे घालवतात.

पट्टा अंगावर चढवून मशीन अडकवा आणि दोन्ही हात सोडा. ब्लेड जमिनीच्या किंचित वर तरंगलं पाहिजे. पुढे झुकत असेल किंवा वर उचललं जात असेल तर अडकवायची कडी पुढे-मागे सरकवा. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते न केल्यामुळे लोक कंबर धरून दुकानात येतात आणि मशीन जड आहे म्हणतात.

चालू करताना मशीन जमिनीवर, ब्लेड कशालाही टेकलेलं नाही. प्रायमरचा रबरी फुगा पाच-सात वेळा दाबा, चोक बंद करा, दोरी ओढा. इंजिन एकदा खोकलं की चोक उघडा आणि पुन्हा ओढा. चोक तसाच ठेवून ओढत राहिलात तर प्लग ओला होतो आणि मग हात दुखेपर्यंत ओढलं तरी चालू होत नाही. ॲक्सिलरेटर सोडल्यावर ब्लेड थांबलंच पाहिजे. फिरत राहिलं तर आयडलचा स्क्रू कमी करा, त्याशिवाय काम सुरू करू नका.

दोरी की ब्लेड

घराभोवती, गडग्याच्या कडेला, पायऱ्यांजवळ नायलॉन दोरीच लावा. दोरी दगडाला लागली तर तुटते, बस. आपल्या जांभ्याच्या जमिनीत मुरमाचे खडे वर आलेले असतात. त्यावर ब्लेड आदळलं की खडा गोळीसारखा सुटतो. जाड गवत, रानमोडी, टणटणी यांना तीन पात्यांचं ब्लेड. चाळीस दातांचं गोल ब्लेड बारीक झुडपांना छान, पण दगडाला लागलं तर त्याच्या दातांचे तुकडे उडतात, म्हणून घराजवळ नकोच.

बहुतेक सरळ दांड्याच्या मशीनमध्ये वरून पाहिलं तर ब्लेड घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं. म्हणून उजवीकडून डावीकडे झोका देत कापायचं, म्हणजे कापलेलं गवत डावीकडे, साफ झालेल्या भागावर पडतं. पुढच्या-उजव्या कोपऱ्याने जाड खोड कापायला गेलात तर मशीन जोरात झटका देतं. काम चालू असताना १५ मीटरच्या आत कोणी नको, विशेषतः पोरं आणि कुत्री. डोळ्यांना गॉगल, पायात गमबूट, अंगात फुलपँट. गमबूट फक्त खड्यांसाठी नाहीत, गवतात जनावरही असतं.

आता धंद्याचं

स्वतःच्या आवारात एक हंगाम मशीन चालवलंत, हात बसला, की गावातली कामं घ्यायला हरकत नाही. दिवसाचे १,२०० मिळाले म्हणजे १,२०० कमावले असं नाही. तुम्ही दुसऱ्याकडे मजुरीला गेला असता तर मिळाले असते ते ६०० आधी बाजूला काढा, ती तुमची मजुरी. ऑइल, दोरी, ब्लेड, झीज याचे २०० काढा. उरले ४००. हे मशीनने कमावले. ८,००० चं मशीन या हिशोबाने वीस दिवसांत वसूल होतं. घरापुरतं वापरलं तर साडेसहा वर्षं, गावात फिरवलं तर वीस दिवस. पेट्रोल तुमच्या अंगावर घेऊन तोच १,२०० चा दर सांगितलात, तर सहा तास मशीन चालल्यावर ते ४०० उरत नाहीत, उलट मजुरीतलेच जातात. म्हणून दर सांगताना पेट्रोल कोणाचं, हे पहिल्या वाक्यात बोलून घ्या.

वीस दिवस मिळतील का? गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस आणि पाऊस ओसरल्यावर आंबा-काजूच्या बागांची साफसफाई मिळून मिळतात, पण जुलैमध्येच बोलून ठेवलं असेल तर. मुंबईकरांना जुलैच्या पहिल्या आठवड्यात फोन करा, आवाराचा फोटो मागवा आणि तारीख पक्की करा. काम झाल्यावर त्यांना दुसरा फोटो पाठवा. पुढच्या वर्षी फोन तिकडून येतो. दर मात्र गुंठ्यावर ठरवू नका, निदान पहिल्या वर्षी नको. त्याच दहा गुंठ्यांत कोवळं गवत असलं तर तीन तास, रान माजलं असलं तर अख्खा दिवस जातो.

हंगाम संपला की टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटरमध्ये काही उरत नाही. हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. ते ओलावा धरतं आणि महिनोन्‌महिने पडून राहिलं तर कार्बोरेटरचा पडदा, नळी कडक करून टाकतं. प्लग काढून आत ऑइलचे चार थेंब सोडा, दोरी एकदा हळू ओढा, प्लग परत लावा. एअर फिल्टर धुवून, वाळवून बसवा. आणि मशीन खताच्या पोत्यांजवळ ठेवू नका, गंज तिथूनच लागतो. पडवीत खुंटीला अडकवून ठेवा.